सोळावा सोमवार आणि मोडेमचा वेग

नाही, पण मी काय म्हणते, मौन धरलेल्या बाईला फोन करायचा आणि वर तिलाच विचारायचं, "काहून बोलून नाही राहिली?", ही काय रीत झाली का हो? सांगा ना तुम्हीच! सोळा सोमवार धरले मी, सोळा! श्रावणातल्या पहिल्या सोमवारपासून थेट कार्तिकापर्यंत. दिवसभर उपास, मिठाचा कण नाही, आणि त्यावर माझ्या पदरची एक भर, की सकाळी आंघोळ झाली की संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत मौन. आणि या घरात माझ्यासोबत सत्तावीस वर्षं राहून राहिलेल्या माणसाला सोळापैकी एकाही सोमवारी हे लक्षात राहिलं नाही. एकाही! मी सकाळी चहाचा कप समोर ठेवायची, ओठावर बोट ठेवून दाखवायची, तर हे म्हणायचे, "दात दुखून राहिला का?"

आणि व्रत कोणासाठी? यांच्यासाठीच की! यांच्यासाठी म्हणजे यांच्या डब्यासाठी. आता डबा म्हणजे पोळ्यांचा नाही, बरं का. आमचे हे बुटीबोरीला कारखान्यात होते, तिथला यांचा विभागच बंद झाला, तेव्हापासून दीड वर्ष हे आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून एक डबा करून राहिले. म्हणजे आम्ही दीड वर्ष जमिनीवर बसून जेवून राहिलो! काय करतो तो डबा? तर लाईट जाते ना, ती परत आली की हा डबा जागा होतो आणि आपल्या पोटातल्या मोडेमला सांगतो, मग मोडेम सगळ्या कारागिरांच्या मोबाईलवर मेसेज धाडतो, 'लाईट आली, कामावर या'. कामठीला पॉवरलूमवाले आहेत ना, त्यांच्यासाठी. लाईट गेली की माणसं पानठेल्यावर जाऊन बसतात, आली तरी कळत नाही, माग तसेच उभे. कल्पना किती छान, नाही? देवाशपथ छान आहे. फक्त तीन गिऱ्हाईकं येऊन गेली आणि तिन्ही वेळा डब्याने मान टाकली. एकदा तर लाईट गेलीच नव्हती आणि याने मेसेज धाडला, लाईट आली! तिसरं गिऱ्हाईक गेलं त्या दिवशी हे काही बोलले नाहीत, रागावले नाहीत, गुपचूप वायरी गुंडाळून ठेवल्या आणि झोपले. तेच मला बघवेना. मी शंकराला म्हटलं, देवा, लाखाची गोष्ट मागत नाही, यांच्या डब्याला एक गिऱ्हाईक लागू दे, एकच, मी सोळा सोमवार करते, मौन धरून करते.

आता मौनाचे नियम कोणाचे? सिंधूताईंचे. सिंधूताई म्हणजे आमच्या ले-आऊटमधल्या शिवमंदिराच्या महिला मंडळातल्या सगळ्यात मोठ्या, त्यांनी सांगितलं म्हणजे झालं, त्यावर सुप्रीम कोर्ट नाही. त्यांचा नियम असा, की माणसाशी शब्द नाही. तोंडाने नाही आणि हातानेही नाही! मागच्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या अंजनाबाईंनी मौनात पाटीवर फक्त 'मीठ' असं लिहून सुनेला दाखवलं, बिचारीचे अकरा सोमवार झाले होते, सिंधूताई म्हणाल्या, "हातानं बोलली का तोंडानं, बोललीच ना वं? कर पुन्हा पहिल्यापासून!" म्हणजे चिठ्ठी नाही, मोबाईलवर मेसेज नाही. मान हलवा, हात हलवा, देवाची घंटी वाजवा. आणि तोंड उघडायचं नाही!

तर पंधरा सोमवार निर्विघ्न पार पडले. सोळावा उजाडला. शेवटचा! आणि त्याच दिवशी, तुम्हाला सांगते, देवाचंही कौतुक करावं वाटतं, त्याच दिवशी कामठीहून बापूजी निमजे डबा बघायला येणार! मोठी असामी, चाळीस माग त्यांच्याकडे. आमचे हे सकाळीच त्यांना आणायला गेले, कारण बापूजी आपणहून कुठे जात नाहीत, त्यांना हाताला धरून आणावं लागतं. मी इकडे पूजा केली, देवाची केली, डब्याची केली, डब्यातला मोडेम नवाच होता, आदल्या दिवशी बर्डीच्या बाजारातून आणलेला (जुना यांनीच उलट्या वायरी लावून जाळला, ते जाऊ द्या), तर नवी वस्तू घरात आली म्हणून त्यालाही हळद-कुंकू लावलं, एक फूल वाहिलं. म्हटलं, बाबा रे, आजचा दिवस सांभाळ.

अकरा वाजता यांचा फोन. मागे मागांचा धडधड धडधड आवाज. "अवो! ऐकून राहिली का? गडबड झाली! त्या नव्या मोडेमचा वेग बदलाचा राह्यला! तो डब्याशी बोलतच नाही! मी बापूजीले घेऊन पाच वाजता पोचतो, तंवर करून ठेव! धम्मानंद फोन करते तुले, तो सांगेन तसं कर! समजलं ना? ...हॅलो? समजलं ना? ...हो म्हणाली असं समजतो!" ठक. ठेवला.

मी करू! मी! मला मिक्सर बिघडला तर दोन थापडा मारून चालू करता येतो, तेवढंच माझं शिक्षण. आणि तोंड उघडायचं नाही!

धम्मानंदभाऊ म्हणजे यांचे कारखान्यातले जुने सोबती, अजून तिथेच दुसऱ्या विभागात आहेत, शांत माणूस, मशीनचं नाव काढलं की डोळे चमकतात. पण कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून त्यांच्याजवळ साधा बटणाचा फोन, म्हणजे चेहरा दाखवायचा नाही, हातवारे करायचे नाहीत. आला फोन. "वहिनी, धम्मानंद बोलून राहिलो. लॅपटॉप चालू केला का?" मी गप्प. "हॅलो? वहिनी? आवाज येऊन राहिला का?" मी गप्प. आवाज येऊन राहिला हो, पण सांगू कसा? फोन कट. पुन्हा फोन. "हॅलो वहिनी, तिकडून आवाज नाही येत, तुम्ही बोलून राहिल्या का?" कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला रडूच यायला लागलं, मी फोन हातात घेऊन देवघरासमोर उभी, काय करू रे देवा म्हणून हात जोडायला गेले आणि कोपराचा धक्का लागून घंटी वाजली... टण!

मग भाऊ हळूच म्हणतात, "वहिनी... पूजेत आहे का तुम्ही?" मी विचार केला आणि घंटी उचलून एकदा वाजवली. टण! "आज सोमवार... मौन आहे का?" टण टण टण टण! इतकी वाजवली, इतकी वाजवली, जसा काही गाभाराच उघडला. सत्तावीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला जे सोळा सोमवारात कळलं नाही ते कारखान्यात उभ्या असलेल्या धम्मानंदभाऊंना चौथ्या टणीला कळलं! म्हणाले, "बस बस बस, वहिनी, समजलं. असं करू. एक टण म्हणजे हो. दोन टण म्हणजे नाही. माझी जेवणाची सुट्टी आहे, डबा खात खात सांगतो. पण हळू वाजवा, तुमच्या टणा मले मोजता येऊन नाही राहिल्या. तुम्ही ज्या चालीनं वाजवाल त्याच चालीनं मी ऐकलं तरच जमन. आपल्या मोडेमचं दुखणं तेच आहे पहा."

मग त्यांनी मला समजावलं, आणि काय सुंदर समजावलं! म्हणाले, डब्यात एक मेंदू आहे, तो मोडेमशी एका वायरीवरून बोलतो. मेंदूची चाल नऊ हजार सहाशेची. नवा मोडेम कारखान्यातून आला तोच एक लाख पंधरा हजार दोनशेच्या चालीने बोलत. एक सावकाश, एक सुसाट. दोघंही खरं बोलतात, दोघंही चांगले आहेत, पण एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. मला एकदम पटलं. आमच्या मंडळात आरतीला तेच होतं, सिंधूताई एक ओळ इतकी लांबवतात की तेवढ्यात अंजनाबाईंची आरती संपून त्या प्रसादाच्या रांगेत उभ्या! दोघींची भक्ती खरी, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की कोणत्या देवाची चालली.

आणि अंजनाबाईंचं नाव घेतलं आणि त्या दारात! हात जोडून, डोक्यावर पदर. "आरती झाली का वं सत्यवती? घंटी ऐकू आली." मी मानेने नाही म्हटलं. "मंग काहून वाजवून राहिली?" आता काय सांगू! मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी लॅपटॉप पाहिला, फूल वाहिलेला मोडेम पाहिला, मोडेमलाच नमस्कार केला आणि गेल्या.

तर लॅपटॉप उघडला, भाऊंनी सांगितलं तशी मोडेमची वायर डब्याच्या मेंदूतून काढून लॅपटॉपला लावली (काम झालं की परत मेंदूला लावायची, म्हणाले). भाऊ सांगतील तिथे टिचकी मारली, एक काळीकुट्ट खिडकी उघडली. काही नाही त्यात, नुसती एक पांढरी रेघ लुकलुक करून राहिली. भाऊ म्हणाले, "वहिनी, मोडेमले हाक मारा. ए, टी, आणि एंटर. मोडेम जागा असन तर तो म्हणन, ओके." आता मी विचारात पडले. हाक मारायची म्हणजे बोलणंच की ते! मग मनाशी म्हटलं, सिंधूताईंचा नियम माणसाशी न बोलण्याचा आहे. हा कुठे माणूस आहे? देवाशी आपण बोलतोच, तुळशीशी बोलतो, दुधाशी बोलतो, थांब रे बाबा उतू जाऊ नको म्हणून... मोडेमशी बोललं तर काय? टाईप केलं. ए. टी. एंटर.

आणि काय उमटलं असेल? चौकोन. उलटं प्रश्नचिन्ह. एक तुटकं वाय. डोक्यावर टोपी घातलेला ओ. असं काही अगम्य की मी मागेच सरकले, म्हटलं हे कोणी मांत्रिकाने लिहिलं का! टण टण! "ओके नाही आलं?" टण! "कचरा आला?" टण! "वा वा, लय छान!" आता कचऱ्याने आनंद होणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, "कचरा आला म्हणजे तो जिवंत आहे वहिनी, बोलून राहिला, फक्त आपल्याला त्याची चाल पकडायची आहे. पण आधी सांगा, मोडेमवर बारका दिवा आहे, तो हिरवा आहे का?" मी वाकून पाहिलं. लाल! टण टण. "लाल?" टण. "अरे बापा! लाल म्हणजे सिमच नाही पकडलं त्यानं. सिम काढा, पुसा, पुन्हा टाका." काढलं, पदराने पुसलं, टाकलं. लाल! "पुन्हा काढा." काढलं. लाल! "अँटेना घट्ट करा." केली. लाल! भाऊंची अर्धी भाकर संपली, माझा जीव अर्धा झाला, सिम सात वेळा आत-बाहेर, आठव्यांदा माझं बोट त्या दिव्यावरून घसरलं आणि बघते तर काय... बोट लाल, दिवा हिरवा! अहो मी सकाळी कुंकू लावलं ते नेमकं त्या दिव्यावर! बोटभर! ओलं करून! देवा शप्पथ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि सांगायचं कसं, की भाऊ, दोष मोडेमचा नाही, माझ्या भक्तीचा आहे? तोंड उघडायचं नाही! मी नुसती एक टण वाजवली. भाऊ म्हणाले, "झाला हिरवा? कसा झाला?" मी गप्प. "जाऊ द्या, मशीनचं असंच असते."

मग त्यांनी मला वेगाची यादी उघडायला लावली. केवढे आकडे एकाखाली एक! "सगळ्यात आधी त्याच्या चालीनं आपण चालू. एक लाख पंधरा हजार दोनशे निवडा. आता पुन्हा हाक मारा." मी ए दाबलं, काही दिसेना. टी दाबलं, काही दिसेना. म्हटलं बटणंच गेली! टण टण टण टण! "अक्षरं दिसून नाही राहिली का? नाहीच दिसणार. हा मोडेम आपण बोललेलं परत म्हणून दाखवत नाही, नुसतं उत्तर देते. एंटर मारा." मारला. आणि त्या काळ्या खिडकीत, स्वच्छ, सरळ, दोन अक्षरं...

ओके.

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. दीड वर्षात त्या टेबलावर कोणी कोणाला ओके म्हटलं नव्हतं! पुन्हा हाक मारली, पुन्हा ओके. एकदा खात्री म्हणून मारली, एकदा नुसतंच बरं वाटलं म्हणून मारली. दर वेळी ओके! न कंटाळता! या घरात मी 'जेवायला या' अशी हाक मारते ना, पाच वेळा मारली तरी हूं नाही का चूं नाही, आणि हे एवढंसं यंत्र, दोन अक्षरांची हाक, की ताबडतोब ओके! असा स्वभाव लागतो माणसाचा!

"वहिनी, पुरे झालं, किती हाका मारता," भाऊ म्हणाले, बहुतेक माझी बटणं त्यांना ऐकू येत असावीत. "आता त्याले सांगायचं, की बाबा हळू बोल. लिहा. ए टी, अधिकचं चिन्ह, आय पी आर, बरोबरचं चिन्ह, नऊ सहा शून्य शून्य." एकेक अक्षर, एकेक टण. लिहिलं. एंटर. ओके! लगेच पुढची हाक मारली तर पुन्हा चौकोन आणि टोपीवाला ओ! मी घंटी इतकी बडवली की अंजनाबाई पुन्हा दारात, हात जोडून. "आता झाली का वं आरती?" मी पुन्हा नकाराची मान हलवली. "मंग देव उठत नाही का तुमचा?" म्हणाल्या आणि गेल्या.

भाऊ मात्र शांत. "घाबरू नका. त्यानं तुमचं ऐकलं, तो हळू बोलायला लागला. आता आपणच अजून जोरात पळून राहिलो. आपली चाल कमी करा." आणि खरंच हो! लॅपटॉपचा वेग नऊ हजार सहाशेवर आणला, हाक मारली... ओके. किती साधं! समोरच्याला हळू बोल म्हणायचं आणि त्याने ऐकलं की आपणही हळू व्हायचं. आपण पहिलं करतो, दुसरं विसरतो.

भाऊंचा घास संपत आला होता. म्हणाले, "शाब्बास वहिनी, झालंच. आता एकच शेवटचं राह्यलं, ते सगळ्यात मोठं, ते नाही केलं तर केलेलं सगळं..." आणि मागे भोंगा वाजला! भोंऽऽऽ! कोणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन कट. केलेलं सगळं काय? केलेलं सगळं काय हो? मी परत फोन लावला, उचलेनात. लावून तरी काय, उचलला असता तर मी काय बोलणार होते!

दुपार अशी गेली म्हणता, की त्याच्यापेक्षा निर्जळी उपास बरा. मी त्या खिडकीसमोर बसून दर दहा मिनिटांनी हाक मारायची, तो ओके म्हणायचा. मनाशी म्हटलं, चालू तर आहे! शेवटचं म्हणजे काय असेल, नारळ फोडायचा असेल.

पाचच्या ठोक्याला आले हे. सोबत बापूजी. पांढरी टोपी, पांढरं धोतर, कपाळावर गंधाचा मोठा टिळा, हातात काठी. मी पाणी दिलं, हात जोडले. बापूजी म्हणाले, "काहून गा, वहिनीबाई बोलत नाहीत? आमचं येणं नाही आवडलं का?" हे म्हणाले, "नाही नाही, दात दुखून राहिला तिचा." बघा! बघा! सोळाव्या सोमवारीही दातच!

यांनी मला डोळ्याने विचारलं, झालं का? मी मान डोलावली. यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मी दीड वर्षात पाहिला नव्हता. "बापूजी, पाहा आता! हा डबा. मी मेन स्विच बंद करतो, घरातली लाईट जाईन. मंग चालू करतो, की डबा जागा होते, आणि तुमच्या मोबाईलवर मेसेज!" आणि हे दाराकडे निघाले, मीटरजवळच्या मेन स्विचकडे, बापूजी मागून काठी टेकत. तेवढ्यात माझा फोन वाजला. धम्मानंदभाऊ! कानाला लावला तर धापा टाकत, "वहिनी! सेव्ह करायचं राह्यलं! मोडेमले नव्या चालीची नोंद ठेव म्हणून सांगितलंच नाही! लाईट गेली की तो सगळं विसरते, पुन्हा जुन्या चालीवर जाते! स्विच बंद नका करू! ए टी, मग ते जिलेबीसारखं चिन्ह, शिफ्ट धरून सात दाबायचं, आणि डब्ल्यू! समजलं? आधी तेवढं करा!"

आता तुम्ही माझी दशा पाहा. ज्या कामासाठी डबा केला, म्हणजे लाईट जाऊन येणं, नेमकं त्याच वेळी हा विसरणार! यांचा हात स्विचपासून वीतभर. मी टेबलापासून चार पावलं. ओरडून 'थांबा' म्हटलं तर व्रत मोडतं, सोळावा सोमवार, आणि व्रत मोडलं तर गिऱ्हाईक कसं लागेल? आणि नाही म्हटलं तर डबा मान टाकतो, मग गिऱ्हाईक तसंही गेलं! दिवा लावून मोकळी झाले असते, पण सूर्य अजून समोरच्या टाकीवर टेकलेला, मावळायच्या आधी लावलेला दिवा देवासाठी नसतो, आपल्या सोयीसाठी असतो, ते त्यालाही कळतं. तोंड उघडायचं नाही!

मी देवघरात धावले. घंटी उचलली. आणि वाजवली! टण टण टण टण टण!

आणि काय सांगू... यांचा हात तिथल्या तिथे थांबला. बापूजींनी काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गणपतीची सुरू केली! हेही बिचारे वळले, हात जोडले, डोळे मिटले. दारात कोण? अंजनाबाई! "झाली का वं..." म्हणत आल्याच होत्या, मी घंटी त्यांच्या हातात दिली. त्यांना तर सकाळपासून तेच पाहिजे होतं! त्या वाजवायला लागल्या त्यांच्या सुसाट चालीने, बापूजी म्हणतात सावकाश, दोघांचा मेळ नाही, पण डोळे सगळ्यांचे मिटलेले, आणि मी पळाले टेबलाकडे. ए. टी. जिलेबी... जिलेबी कुठे आहे? सात... दिवसभराचा उपास हो, मला त्या बटणावर खरीखुरी जिलेबी दिसायला लागली, पाक गळून राहिला! शिफ्ट धरलं, सात दाबलं, डब्ल्यू. एंटर.

ओके.

वायर लॅपटॉपची काढली, डब्याच्या मेंदूला लावली, भाऊंनी दुपारी सांगितलं होतं तशी, खाचेवर खाच. इकडे गणपतीची संपली. मला वाटलं झालं. पण बापूजी काय सोडतात! शंकराची घेतली. मग देवीची. मधेच एक डोळा उघडून म्हणाले, "दिवा नाही लावला?" आणि तुम्हाला सांगते, चमत्कार त्या क्षणी घडला, आमचे हे म्हणाले, "दिवा लागेपर्यंत मौन असते हिचं... अरे! आज सोमवार आहे! मौन आहे का तुझं?" सोळाव्या सोमवारी! पाच वाजून पंधरा मिनिटांनी! देवानेच बोलवलं, दुसरं काय.

आरती झाली, बापूजींनी स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. घरात अंधारून आलं. मी डोळे मिटले. दहा आकडे मोजले असतील... खट. स्विच वर. डब्यातला तो दिवा, हिरवागार, लुकलुक. लुकलुक. मग स्थिर. आम्ही चौघंही बापूजींच्या खिशाकडे बघून राहिलो. काही नाही. काही नाही. यांचे खांदे खाली पडायला लागले... आणि खिशात टुंग!

बापूजींनी मोबाईल हातभर लांब धरला, वाचला, सावकाश, एकेक शब्द. "लाईट. आली. कामावर. या." मग यांच्या पाठीवर थाप मारली. "घेतला गा! एक डबा शेडवर लावून दे. चालला तर पुढचं बोलू." आमचे हे... अहो, रडले. भिंतीकडे तोंड करून, पण मला कळतं ना. आणि मग वळून माझ्याकडे बघून, अशा काही मायेने, लग्नातही एवढ्या मायेने विचारलं नव्हतं, म्हणाले, "झालं ना वं?"

आणि मी म्हणाले, "ओके."

तोंडाने! मोठ्याने! दिवसभर तेच वाचून वाचून, तेच ऐकायला जीव टांगून, तेच बाहेर पडलं! सूर्य मावळायला बारा मिनिटं बाकी! बारा!

कोणाला कळलंही नसतं. पण मला कळलं होतं आणि त्याला कळलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी मीच गेले सिंधूताईंकडे. कोर्ट बसलं. आमचे हे स्वतः आले माझ्या बाजूने, म्हणाले, "ताई, ओके हा काही शब्द नाही, तो मशीनचा आवाज आहे." अंजनाबाई म्हणाल्या, "वा! माह्या 'मीठ'चा हिशेब अकरा सोमवार आणि हिचं ओके फुकट?" सिंधूताईंनी डोळे मिटून विचार केला. मग यांना विचारलं, "ही ओके म्हणाली ते तुले समजलं का रे?" हे भोळेपणाने म्हणाले, "हो, एकदम समजलं!" सिंधूताई म्हणाल्या, "मंग बोललीच. कर वं सत्यवती पुन्हा पहिल्यापासून."

करीन की! मला काय, करीन. वाईट वाटलं का? थोडंसं. पण डबा तर कामठीला भिंतीवर लागला, चालूनही राहिला, काल म्हणे लाईट दोनदा गेली आणि दोन्ही वेळा माणसं पानठेल्यावरून उठून आली. देवाने आपलं काम व्रत पुरं व्हायच्या बारा मिनिटं आधीच करून टाकलं, आता माझं तेवढं राहिलं. फक्त पंचाईत एकच झाली हो. काल संकल्प सोडायला हातात पाणी घेतलं, गुरुजी म्हणाले, बोला, कशासाठी... आणि मला काही सुचेचना! मागायला काही उरलंच नाही!

म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुमचं कोणाचं काही अडलं आहे का? लेकीचं, नोकरीचं, गुडघ्याचं, काहीही? संकोच करू नका, सांगून टाका... माझे सोळाच्या सोळा सोमवार रिकामे चालले आहेत.